काचेवरची साय

१

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाला किळस करून चालत नाही. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे तारा जोडायच्या आणि डाग द्यायचे. पण सेटचं मागचं झाकण काढलं की आत काय काय निघतं ते आम्हालाच माहीत. आत ऊब असते. झुरळं बिऱ्हाड करतात. पालीची अंडी असतात, कधी पालच वाळून चिकटलेली असते. उंदीर तारा कुरतडतो आणि तिथंच मुततो, त्या मुताचा पत्र्यावर हिरवा गंज चढतो. एकदा लक्ष्मीपुरीतल्या एका सेटमध्ये चिमणीचं पिल्लू निघालं, भाजून कडक झालेलं. मी ते ब्रशनं झाडून टाकलं, हात धुतले आणि माझ्या बायकोनं, नजीरानं, दिलेली भाकरी तिथंच स्टुलावर बसून खाल्ली.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कुणी म्हणेल, हा हुसेन मुळातच नाजूक असेल. तसं नव्हतं.

शाहूपुरीत माझं दुकान होतं, मागं लागूनच घर. साल शहाऐंशी. एका सकाळी एक गृहस्थ दुकानात आले. डोक्याला पटका, पायात करकरणाऱ्या वहाणा, आणि दोन्ही हातांवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, तान्हं मूल आणावं तसं.

"पावणं, हुसेन मिस्त्री तुम्हीच न्हवं?"

"व्हय. बसा की."

ते गणपतराव. पेठ वडगावच्या अलीकडं त्यांचं गाव, तिथल्या दूध संस्थेचे चेअरमन. त्यांनी टॉवेल उलगडला. आत टाइपरायटरच्या पुढच्या भागासारखी एक पसरट पेटी होती. नुसती बटणं.

"ह्यो कंप्युटर हाय. जावयानं अमेरिकेतनं आणलाय. टीव्हीला जोडला की चालतोय म्हणाला. पर आमच्या टीव्हीवर नुसतं पळतंय सगळं."

"काय पळतंय?"

"अक्षरं ओ. खालनं वर, खालनं वर. बघून बघून आमच्या आक्काला वांती झाली."

मी हसलो. रोग माझ्या ओळखीचा होता. अमेरिकेतला टीव्ही एका सेकंदात साठ वेळा चित्र रंगवतो, आपला पन्नास वेळा. यंत्र आपल्या चालीनं चित्र पाठवतं, सेट आपल्या चालीनं घेतो. दोघांची पावलं जुळत नाहीत. मग चित्र वर पळत राहतं आणि दोन चित्रांच्या मधली काळी पट्टी गिरणीच्या पट्ट्यासारखी फिरत राहते. अमेरिकन वीजसुद्धा निराळी, त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो जावयानं दिला होता. चालीचा विचार त्यानं केला नव्हता.

"हे व्हायलाच पाहिजे, न्हाईतर माझी आक्का घरी बसली," गणपतराव म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आलेली. संस्थेचं दूध मोजणं, फॅटप्रमाणं भाव लावणं, सगळं तिच्याच हातात. पण कमिटीतल्या हंबीररावांना तिथं आपला बी. कॉम. झालेला पोरगा बसवायचा होता. जावयानं सुट्टीत त्या पळत्या अक्षरांवरच आक्काला हे यंत्र शिकवलं, हिशेब गाण्याच्या कॅसेटसारख्या टेपवर भरून दिले. कंप्युटर चालवणारी बाई म्हटल्यावर हंबीरराव गप्प बसले होते. आता ते रोज येऊन विचारत होते, काय झालं त्या डब्याचं?

२

मी दुकानातले सेट एकेक करून जोडले. रंगीत सेटवर चित्र पळालं. जुन्या काळ्या-पांढऱ्या सेटवर मागचं बटण पिळून पिळून ते कसंबसं उभं राहिलं. सेट तापला आणि पुन्हा पळायला लागलं. मग मी यंत्र उघडून चित्राची तार सरळ बाहेर काढली, म्हणजे टीव्हीऐवजी नुसता मॉनिटर जोडता येईल. पण मॉनिटर आणायचा कुठून?

शिरोली एमआयडीसीच्या रस्त्यावर ख्वाजाचं भंगाराचं शेड होतं. माझ्या बरोबरीचा, शाळेतला. त्याच्याकडं गेलो तर कोपऱ्यात, ओतकामाच्या साच्यांमागं, एक राखाडी लोखंडी पेटी दिसली. पुढं फुगीर काच. स्टेशन लावायचं बटण नाही, आवाजाचं नाही, कुठल्या कंपनीचं नाव नाही. मागं एकच तार खुपसायची जागा आणि चित्र थांबवायचं एक बटण.

"चालतोय काय रे?"

"कुणाला ठाऊक. बंद पडलेल्या कारखान्याच्या मालातनं आलाय. घेऊन जा तू. माश्या लई येतात त्याच्यावर, दिवसभर हाकलत बसावं लागतंय."

दुकानात आणून मागचं झाकण काढलं आणि थबकलो.

आत धूळ नव्हती. भंगारात पडलेला सेट, आणि आत धुळीचा कण नाही. पत्रा, तारा, ट्यूबची मान, सगळं ओलसर चकचकीत. जेवून झाल्यावर कुणी ताट चाटूनपुसून ठेवावं तसं. आणि तळाशी, एका कोपऱ्यात, झुरळांचे पंख. पंख, पाय, मिशा. ओंजळभर ढीग. धड एकाचंही नाही.

पाल असेल, असं मी मनाशी म्हणालो. पाल पंख टाकून देते की नाही ते मला माहीत नव्हतं. ढीग कागदावर घेतला आणि टाकून दिला. बोटांना चिकट लागलं. साबणानं धुतलं तरी आंबूस वास राहिला.

गणपतरावांचं यंत्र जोडलं, वीज दिली. अक्षरं आली. हिरवट, ठळक, आणि स्तब्ध.

ती थांबायला नको होती. मी मागचं बटण या टोकाला नेलं, त्या टोकाला नेलं. चित्र हललं नाही. पुन्हा झाकण काढून बघितलं तर त्या बटणाची तार आतून केव्हाची तुटलेली होती. म्हणजे चाल जुळवायला आत काही नव्हतंच, आणि तरी चाल जुळली होती.

असंही असेल, मी म्हणालो, की हा मॉनिटर साठच्या चालीचाच बांधलेला असेल. परदेशी असेल. एवढं कारण पुरेसं होतं. गिऱ्हाईक खूश होणार होतं आणि मीही खूश होतो. काच पुसताना नेहमी वीज चटचटते, हाताचे केस उभे राहतात. या काचेवर तसं काही झालं नाही. हाताला ती नुसती कोमट लागली.

३

संस्थेची खोली गावाच्या वेशीजवळ होती. सिमेंटची फरशी, भिंतीला लावलेल्या किटल्या, दाराशी रांगेत उभं राहायला लोखंडी नळ्या. दूध सांडून सांडून फरशी कधी पुरती वाळायची नाही. आंबलेला वास तिथं होताच, त्यामुळं माझ्या पेटीचा वास कुणाला वेगळा कळला नाही.

आक्का टेबलाशी बसली होती. पन्नाशीची, उंच, हाडाची बाई. पदर खांद्यावरून घट्ट खोचलेला. मी सगळं जोडून दिलं, तिनं टेप लावली, आणि अक्षरं उमटली तशी ती एकदम मोकळी हसली.

"थांबलं की ओ! कसं गप उभं ऱ्हायलंय बघा."

"आता डोळं फिरणार न्हाईत, आक्का."

"हंबीररावाला बलवा रे कुणीतरी. बघू दे म्हणावं." मग तिनं तळहात काचेवर टेकवला. "ऊन हाय. मला वाटलं गार असंल."

"तापते काच थोडी."

"म्हशीच्या कासंवानी लागतंय," असं म्हणून ती पुन्हा हसली. सगळेच हसले. हंबीरराव दाराबाहेरूनच बघून निघून गेले. गणपतरावांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

४

पंधरवडा गेला असेल. गावाकडच्या दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर, आकाराम, दुकानासमोर थांबला आणि स्टेअरिंगवरनंच ओरडला.

"हुसेनभाई, चेअरमननी बोलिवलंय! त्या टीव्हीच्या काचंवर साय धरालीय म्हणं!"

"काय धरालीय?"

"साय ओ, साय! दुधावरची!"

मी त्याच्याच टेम्पोत बसून गेलो. वाटेत कारण ठरवून टाकलं. चालू पडदा हवेतली धूळ ओढून घेतो. त्या खोलीत धुळीऐवजी दुधाची वाफ असणार, तुपकट. ती काचेवर बसत असणार.

खोलीत गेलो. पडद्यावर खरंच साय होती. पातळ, पिवळसर, कडेला जाड आणि मधे ताणलेली. मागून अक्षरं धूसर हिरवी दिसत होती. मी फडक्यानं पुसायला गेलो तर ती पुसली गेली नाही. गोळा झाली. फडक्यापुढं सुरकुत्या पडत पडत एका बाजूला सरकली आणि काचेच्या कडेला वळकटी होऊन लोंबली. फडक्यातून तिची ऊब हाताला लागली. मी हात मागं घेतला.

"रोज धरती काय ही?"

"रोज," आक्का म्हणाली. "सकाळी पुसतो, दुपारपतोर पुन्यांदा येती. त्येला काय हुतंय? अक्षरं दिसत्यात की."

खोलीभर माश्या होत्या. दुधाच्या जागी माश्या असणारच. पण किटल्यांवर एकही बसली नव्हती, फरशीवरच्या डबक्यावरही नाही. सगळ्या पडद्यावर होत्या, आणि पडद्यावरही सगळीकडं नाही. उजव्या बाजूला, खाली, एका गोल जागेत दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी हात हलवला, त्या उठल्या, आणि पुन्हा तिथंच, तेवढ्याच गोलात बसल्या. आक्का लिहिताना डाव्या हातानं बटणं दाबायची आणि उजवा हात पडद्यावर त्या जागी टेकवून ठेवायची.

"हात कशाला ठेवताय तिथं?"

तिनं हाताकडं बघितलं, जणू दुसऱ्या कुणाचा हात होता. "बरं वाटतंय," ती म्हणाली. "सांधं धरलेत न्हवं माझं. ऊब मिळती."

बाहेर गणपतरावांची बायको, चिमणाबाई, उंबऱ्यापासून चार हात लांब उभी होती. मला खुणेनं बोलावलं. तोंडावर पदर होता.

"दादा, न्हेऊन टाका ती पेटी."

"का ओ वहिनी? वास येतोय म्हणून?"

"वासाचं काय घिऊन बसलाय? आमच्या वन्सं ती साय पुसून कुठं टाकत्यात, इचारा की त्यास्नी. फडकं कोरडं असतंय. रोज बघतो मी. फडकं कोरडं."

मला ते कळलं, आणि कळूनही मी ते मनात पुढं जाऊ दिलं नाही. एवढंच म्हणालो, की काचेला पावडर लावून बघतो.

५

पावडर लावली, काचेपुढं पंखा लावून दिला, पेटीला अर्थिंगची तार जोडली. कशाचा उपयोग झाला नाही. पुन्हा निरोप आला नाही, म्हणून मीच गेलो. खरं सांगायचं तर डोक्यातनं ते फडकं जात नव्हतं. जेवताना ताटात दूध-भात आला तरी मी ताट सारायला लागलो होतो. नजीरा चिडायची. दुधाचं भांडं दिसलं की मी आधी बघायचो, साय धरलीय का.

दुपार होती. दूध घालायची वेळ झाली नव्हती, वीज गेलेली, खोलीत कुणी नव्हतं. फक्त आक्का, टेबलाशी. पडदा बंद होता आणि तिचा तळहात त्याच जागी होता.

"आक्का."

तिनं हात काढला. काढताना आवाज झाला, ओल्या तोंडातनं बोट ओढून काढावं तसा बारीक आवाज. तिनं हात पदराखाली घेतला.

"दाखवा बघू हात."

"काय बघायचाय त्यात?"

"सांधं कसं हायेत बघतो."

तिनं हात पुढं केला. तळहात पांढराफटक होता, दिवसभर धुणं धुतल्यासारखा, पण सुरकुत्या नव्हत्या. उलट ताणलेला, मऊ. बोटांच्या टोकांवर रेषाच नव्हत्या. अंगठा तर उकडलेलं अंडं सोलल्यासारखा होता, गुळगुळीत. त्याच्यावर अजून ओल होती आणि मी बघत असताना त्या ओलीवर पातळ साय जमत होती.

"दुखतंय?"

"दुखत न्हाय. काहीच लागत न्हाय आता." मग लाजल्यासारखं म्हणाली, "तुमास्नी घाण वाटतीय न्हवं? मला बी पैल्यांदा वाटली."

मी पडद्याकडं बघितलं. दारातनं ऊन सरळ काचेवर आलं होतं. बंद पडद्याची काच राखाडी दिसते, कारण तिच्या आतल्या बाजूला भुकटीचा थर असतो. हजारदा बघितलाय. पण उन्हात तो राखाडी रंग भुकटीचा वाटेना. खिडकीच्या काचेवर गोगलगाय चढते तेव्हा घरातून आपल्याला तिचं पोट दिसतं, चपटं, दाबलेलं, ओलं. तसं. सगळ्या काचेभर, कडेपासून कडेपर्यंत.

मग त्यावरून एक लाट गेली. डावीकडून उजवीकडं, हळू. गोगलगाय पुढं सरकताना तिच्या पोटावरून जाते तशी. ती लाट जिथं आक्काचा हात होता त्या जागी जाऊन थांबली आणि तिथंच थरथरत राहिली. शोधत होती.

मी उलटी करायला बाहेर पळालो.

नळीला धरून उभा होतो आणि स्वतःला समजावत होतो. ट्यूबच्या आत काही नसतं. हवासुद्धा नसते, सगळी काढून घेतलेली असते. तिथं कशाचाही जीव राहू शकत नाही. ऊन हललं असेल. वर झाडाची फांदी असेल. मी वर बघितलं. तिथं झाड नव्हतं.

६

गणपतरावांना मी सांगितलं की पिक्चर ट्यूब उडालीय, स्फोट होऊ शकतो, लगेच न्यायला पाहिजे. स्फोट म्हटल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. आक्कानं मात्र पेटीवर हात ठेवला.

"हुसेनभाई, न्हेऊ नका."

"दुसरा आणून देतो आक्का. तुमचं काम थांबणार न्हाय. शबूद देतो."

"दुसरा कशाला? ह्येला सवय झालीया माझी."

"आक्के, सोड ती," गणपतराव ओरडले. "उडलं म्हणजे?"

तिनं हात काढला नाही, त्यांनी तो काढला. धाकट्या भावानं बहिणीचं मनगट धरून ओढलं, आणि तिचा तळहात बघून त्यांचं तोंड वाकडं झालं. त्यांनी तिचं मनगट सोडून दिलं आणि आपला हात धोतराला पुसला. पुसतच राहिले.

पेटी मी पोत्यात घालून टेम्पोत ठेवली. मागं हौद्यात ठेवली, पुढं मांडीवर घेतली नाही.

शब्द मी पाळला. ख्वाजाचा भाऊ दुबईहून रजेवर आला होता, त्यानं आणलेल्या सेटवर दोन्ही चालींची चित्रं थांबत होती. हातापाया पडून तो सेट मी त्याच्याकडून मिळवला आणि गावाला नेऊन जोडला. अक्षरं उभी राहिली, रंगीत उभी राहिली. का उभी राहिली तेही मला माहीत होतं. हंबीरराव स्वतः बघायला आत आले आणि म्हणाले, "झकास हाय." आक्काची जागा राहिली. ती पुढं कितीतरी वर्षं तिथं होती, असं मी ऐकलं.

त्या दिवशी सगळे बाहेर गेल्यावर तिनं नव्या पडद्यावर तळहात टेकवला. काच चटचटली. तिच्या हातावरचे बारीक केस उभे राहिले. तिनं हात तसाच ठेवला, वाट बघितली, आणि मग माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कोरडा हाय ह्यो," ती म्हणाली.

७

पोतं दुकानाच्या मागं, घराच्या परड्यात पडलं होतं. नजीरा दोनदा म्हणाली, "ओ, ताक कुठं सांडलंय काय? सगळीकडं वास यायलाय." माश्यांनी पोतं काळं झालं होतं. आत ठेवायची माझी हिंमत नव्हती, भंगारात परत द्यायची तर त्याहून नव्हती. ख्वाजा ते पुन्हा कुणाला तरी देणार.

निकामी ट्यूब टाकून देताना आम्ही एक काम आधी करतो. मानेच्या टोकाला काचेची एक बारीक चोच असते. ती पकडीनं मोडायची. आतल्या पोकळीत बाहेरची हवा सुस्स करत शिरते, आणि मग ट्यूब फुटायची भीती राहत नाही. हे काम मी शेकडो वेळा केलंय. त्या सुस्स आवाजानं बरं वाटतं, काम संपलं असं वाटतं.

नजीरा आत चहा ठेवत होती. परड्यात लख्ख ऊन होतं. मी पोतं सोडलं, माश्या उठल्या, आणि मी पेटी काचेवर पालथी घातली, म्हणजे मला ती काच दिसायला नको. मागचं झाकण काढलं. आतला तळ पुन्हा चाटूनपुसून स्वच्छ होता. मी पकड लावली आणि चोच मोडली.

सुस्स झालं. पण हवा आत गेली नाही. बाहेर आली.

गरम, ओली, जड हवा. माझ्या तोंडावर आली. वासरू जन्मलं की गोठ्यात जो वास येतो, वार, चीक आणि रक्त यांचा, तो वास, आणि त्याच्यात कितीतरी दिवसांचं आंबलेलं दूध. ती येतच राहिली. एवढ्याशा ट्यूबमध्ये मावणार नाही इतकी आली. माझे डोळे भरून आले, तोंडात पाणी सुटलं, ओठांवर तुपकट थर बसला. मग ती मंदावली. थांबली.

मी तोंड पुसलं. स्वतःला सांगितलं, सील गेलं होतं, आत वायू धरला होता, झालं. संपलं.

ट्यूबच्या मानेवर झुरळाचा एक पंख चिकटला होता. तो हलला. भोकाकडं सरकला, भोकाच्या तोंडाशी थरथरला आणि आत गेला. मागोमाग माझ्या मनगटावरचे केस त्या बाजूला वळले. हवा आता आत ओढली जात होती, सावकाश, लांब. ती थांबली. आणि पुन्हा ऊन हवा बाहेर आली.

हवा देऊन मी आतल्या जिवाला मारत नव्हतो. मी त्याला नाक फोडून दिलं होतं.

ते भोक बंद करायला हाताशी काही नव्हतं. चिंधी नव्हती, माती लांब होती. मी अंगठा लावला.

काचेची कड बोचली नाही. आतून ओढ लागली. आईवेगळ्या वासराला दूध प्यायला शिकवताना त्याच्या तोंडात बोट देतात, तेव्हा ते आधी गोंधळतं, मग टाळूला लावून ओढायला लागतं, तशी. दात नव्हते. नुसती ऊब होती, आणि चोखायचं बळ. पालथ्या पेटीखाली, जमिनीकडच्या काचेवर, काहीतरी हळूच सरकल्याचा आवाज आला, आणि ओढ वाढली.

"ओ," नजीरानं स्वयंपाकघरातनं हाक मारली, "च्या झालाय. येताय न्हवं?"

"आलो," मी म्हणालो.

आणि तसाच बसून राहिलो.